उशिरा आलेल्या गाडीला कारणाचा रकाना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती तोंडावर आले आहेत. पुण्यातून कोकणात जायला एस.टी.च्या जादा गाड्या आहेत, खासगी ट्रॅव्हल्स आहेत आणि अलीकडे तिसरी एक सोय झाली आहे. मोबाइलवरच्या ॲपमधून दुसऱ्या कुणाची तरी घरची गाडी दोन-चार दिवसांसाठी भाड्याने घ्यायची आणि आपणच चालवत जायचे. अशी एक गाडी माझ्याकडे आहे. गाडी देताना मला कधी त्रास झाला नाही. त्रास होतो तो ती वेळेवर परत येत नाही तेव्हा, आणि त्यातला बराचसा टाळण्यासारखा आहे असे दिसल्यामुळे हे पत्र.

आधी माझी ओळख, कारण तिचा संबंध आहे. मी १९८४ साली वाहक म्हणून एस.टी.त लागलो, पुढे वाहतूक नियंत्रक झालो. भोर आणि स्वारगेट इथे मिळून आयुष्य गेले. २०१८ साली निवृत्त झालो. नियंत्रकाचे काम लोकांना वाटते भोंग्यावर ओरडण्याचे. खरे काम उशीर सांभाळण्याचे असते. गाडी उशिरा येणार हे गृहीतच असते. ती उशिरा आली तर पुढच्या फेरीचे काय करायचे हा आमचा प्रश्न.

चार वर्षांपूर्वी मुलगा जर्मनीला गेला, जाताना त्याची स्विफ्ट आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवून गेला. माझ्या गुडघ्याला क्लच सोसत नाही. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात. एकदा मेकॅनिकने बॉनेट उघडले तर आत कांद्याच्या साली आणि आमच्याच घरातल्या पायपुसण्याचा अर्धा तुकडा निघाला. मग मुलाने तिकडूनच ॲपवर गाडी नोंदवली. महिन्याकाठी विमा, सर्व्हिसिंग निघून वर थोडे उरते. मुख्य म्हणजे गाडी चालती राहते.

आता मे महिन्यातल्या एका शनिवारची गोष्ट. तिशीतला एक तरुण मित्रांबरोबर गाडी घेऊन तारकर्लीला गेला होता. परत यायची वेळ शनिवारी रात्री ९. पुढचे बुकिंग रविवारी पहाटे साडेपाचचे. सिंहगड रस्त्यावरचे एक कुटुंब साताऱ्याला मुलीच्या साखरपुड्याला निघणार होते.

गाडीत जीपीएस आहे, त्यामुळे गाडी कुठे आहे ते मला मोबाइलवर ठिपक्यासारखे दिसते. ही सोय कोणी शोधून काढली कोण जाणे, पण माझ्या वयाच्या माणसाच्या रक्तदाबासाठी ती चांगली नाही. नऊ वाजता ठिपका कोल्हापुरात. दहा वाजता कोल्हापुरातच. कोल्हापुरात तीन पोरे रात्री दहापर्यंत काय करत असतील हे सांगायला जीपीएस लागत नाही, तांबडा-पांढरा पुरेसा आहे. अकरा वाजता ठिपका हलला, एकच्या आसपास कराडला थांबला आणि मग हललाच नाही. मी नऊपासून फोन करत होतो. आधी रिंग वाजत होती, नंतर बंद लागला. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला तर 'आम्ही ग्राहकाशी संपर्क साधण्याचा प्रयत्न करत आहोत' असे एका मुलीने गोड आवाजात तीनदा सांगितले.

पहाटे पाच-पंचवीसला ते साखरपुड्याचे कुटुंब रिक्षाने सामानासह आमच्या फाटकाशी उतरले. आई, वडील, नवरी मुलगी, धाकटा भाऊ आणि ऐंशीच्या घरातली आजी. हातात ताटे, पेढ्यांचे खोके, फुलांची परडी. मी बनियन आणि लेंग्यावर खाली उभा. आपण काहीही न करता कुणाच्या तरी शुभकार्यात खोडा घातला आहे, ही भावना फार वाईट असते. माणसे सज्जन होती, मला एक शब्द बोलली नाहीत. आमच्या हिने सगळ्यांना वर बोलावून चहा दिला. तोवर वडिलांच्या मोबाइलवर संदेश आला : आपले बुकिंग रद्द करण्यात आले असून रक्कम पाच ते सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळेल. दुसरी गाडी बघायला गेले तर टॅक्सी नेहमीच्या जवळजवळ दुप्पट भाडे मागत होती. शेवटी मी स्वारगेटला जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. साताऱ्याची विनावाहक गाडी लागलेली होती, जागा होती. आजींना पुढची सीट मिळाली. मुहूर्त साडेदहाचा होता, तो गाठला असे त्यांनी नंतर आवर्जून कळवले. जी एस.टी. सोडून मी दुसऱ्या धंद्यात हात घातला, तिनेच माझी लाज राखली.

गाडी आली दहाला दहा कमी असताना. मी काही बोलण्याआधीच तरुण म्हणाला, "काका, आम्ही कराडला मुक्काम केला. रात्री ड्राइव्ह करणं सेफ नाही ना." मी म्हणालो, "बरोबर केलंस बाबा, पण एक फोन?" त्यावर तो जे बोलला त्यामुळे खरे तर हे पत्र लिहितो आहे. तो शांतपणे म्हणाला, "अहो, पण मी लेट फी भरतोय ना!"

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. त्याला खरोखरच वाटत होते की व्यवहार पूर्ण झाला. ॲपने त्याला उशीर विकला, त्याने तो विकत घेतला. त्याच्या उशिराचे १,८०० रुपये लागले. त्यातले माझ्या खात्यात ४५० आले. साखरपुड्याच्या कुटुंबाला त्यातला एक रुपया मिळाला नाही. ज्यांनी उशीर खरोखर सोसला ते त्या हिशेबात कुठेच नाहीत.

मुलाला फोनवर हे सांगितले तेव्हा त्याने एका जुन्या अभ्यासाची हकिकत ऐकवली. इस्रायलमधल्या हायफा शहरात दहा पाळणाघरांत आईबाप मुलांना न्यायला उशिरा येत. त्यांतल्या सहा पाळणाघरांनी दंड सुरू केला. उशिरा येणारे कमी व्हायला हवे होते, ते वाढले. आधी बाईंना थांबावे लागते याची लाज वाटत असे. दंड लागल्यावर ती सेवा झाली, पैसे टाकले की घेता येणारी. पुढे दंड काढून टाकला तरी लोक पूर्ववत झाले नाहीत. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. आमच्या ॲपवाल्यांपैकी कुणी तो वाचला असावा असे वाटत नाही, किंवा वाचून उलटा धडा घेतला असावा.

आता दुसरी गोष्ट सांगतो, म्हणजे मी सगळ्या उशिरांवर खार खाऊन आहे असा गैरसमज व्हायला नको.

जुलैमध्ये एक मुलगी आईवडिलांना घेऊन शिवथरघळीला गेली होती. परत यायची वेळ संध्याकाळी ७. दुपारी सव्वातीनला तिचा फोन. "काका, वरंध घाटात दरड आलीय, पोलीस गाड्या परत पाठवतायत. आम्हाला उशीर होणार. काय करू?" भोरच्या नोकरीत हा घाट किती पावसाळे बंद होताना पाहिला याचा हिशेब नाही. तिला म्हणालो, तिथे वाट बघत थांबू नका. मागे महाडला या, तिथून माणगाव, निजामपूर, ताम्हिणी चढा, मुळशीवरून पौड, पिरंगुट आणि चांदणी चौक. ताम्हिणीत मोबाइलला रेंज नीट मिळत नाही, म्हणून घाट चढायच्या आधी निजामपूरहून एक फोन करा, दुसरा पौडला पोचल्यावर. एस.टी.त आम्ही हेच करत असू. मधल्या स्थानकाचा नियंत्रक पुढच्याला फोन करून गाडी पास झाल्याचे कळवी. त्या मुलीने दोन्ही फोन केले. गाडी ९ वाजून ४० मिनिटांनी आली, धुऊन पुसून नव्हे पण पेट्रोल भरून. पुढचे बुकिंग दुसऱ्या दिवशी दहाचे होते, त्यामुळे कुणाचा केसही वाकडा झाला नाही.

ॲपने तिला लेट फी लावली. ताशी दर तोच, तारकर्लीवाल्याला लावला तो. ॲपमध्ये मुदत वाढवून घ्यायचे बटण असते, पण ते दाबायला इंटरनेटची रेंज लागते, नुसता फोन लागून चालत नाही, आणि घाटात ती नव्हती. मी कंपनीला लिहिले की गाडीच्या मालकाची काही तक्रार नाही, रस्ता बंद होता, फी माफ करा. उत्तर आले : 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' मला गैरसोय झालेलीच नव्हती! पुन्हा लिहिले, पुन्हा तेच उत्तर. माझ्या वाट्याचे पैसे मी तिला पाठवले, तिने ते परत पाठवले. असे दोनदा झाल्यावर मी नाद सोडला.

स्वारगेटला आमच्याकडे एक नोंदवही असे. गाडीचा क्रमांक, यायची वेळ, आलेली वेळ आणि शेवटी कारणाचा रकाना. पंक्चर, रेल्वे फाटक, घाट, वारीची गर्दी, चालक आजारी. काही चालक त्यात थापाही मारत, नाही असे नाही. एकाच गाडीचे एका महिन्यात पाच वेळा पंक्चर म्हटल्यावर आम्हाला कळत असे. पण रकाना होता, म्हणून थाप पकडता येई आणि खऱ्याला न्याय मिळे. ॲपमध्ये सेकंदापर्यंत घड्याळ आहे, उपग्रहावरून गाडीचा ठिपका आहे, आणि तो एक साधा रकाना नाही. दरड कोसळलेली आणि तांबड्या रश्श्यावर ताव मारलेला, दोघांना एकच हिशेब.

माझ्या मते मोजायचे ते गाडी किती तास उशिरा आली हे नाहीच. कळवले केव्हा, आणि पुढे कोण खोळंबले, या दोन गोष्टी मोजा. तारकर्लीवाल्याने रात्री नऊला फोन करून 'आज पोचत नाही' एवढे सांगितले असते, तर साखरपुडेवाल्यांना मी सव्वानऊला कळवले असते. रात्रीतून त्यांना दुसरी गाडी मिळाली असती. त्याचा उशीर तोच राहिला असता, पण त्याचे ओझे निम्म्याहून कमी झाले असते. म्हणून वेळ संपण्याच्या आत कळवणाऱ्याला कमी फी आणि फोन बंद करून झोपणाऱ्याला तिप्पट, असे ठेवा. पुढचे बुकिंग असेल तर मुदतवाढीचे बटण दाबल्याबरोबर ते त्या माणसाला दिसले पाहिजे, की तुमच्या मागे साडेपाचला एक कुटुंब उभे राहणार आहे. पुष्कळ लोक एवढ्यानेच कराडला न थांबता आले असते, किंवा मुळात कोल्हापुरात तासभर आधी उठले असते. आणि फी आकारलीच तर तिचा पहिला हक्क त्या खोळंबलेल्या माणसाचा. मग मालकाचा. कंपनीने सर्वांत शेवटी हात पुढे करावा.

दुसरे, दोन बुकिंगांच्या मध्ये मोकळा वेळ सोडा. एस.टी.च्या वेळापत्रकात लांब पल्ल्याची गाडी आली की लगेच तिला पुढच्या फेरीला जुंपत नाहीत. खंबाटकीचा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका आणि नवले पूल हे ज्याने रविवारी संध्याकाळी एकदा तरी अनुभवले आहे, त्याला कोल्हापूरकडून येणारी गाडी ठरल्या वेळेला येईल असे वाटणे शक्य नाही. ॲपवर मी मधला वेळ सहा तास ठेवायचा ठरवला तर माझी गाडी यादीत खाली जाते, गिऱ्हाईक कमी होते. ज्याने दोनच तास ठेवले त्याची वर. म्हणजे कंपनीच मालकाला शिकवते की अंतर ठेवू नकोस, आणि मग उशिराबद्दल दिलगिरीचे संदेश पाठवते.

आमच्यासारख्या गाडीमालकांचा एक व्हॉट्सॲप गट आहे, त्यात अधूनमधून वेगळीच सूचना येते. उशीर झाला की गाडी दुरून बंद पाडायची यंत्रे मिळतात, ती बसवा म्हणे. कृपा करून कुणी हा उद्योग करू नये. ताम्हिणीच्या वळणावर, पावसात, मागच्या सीटवर म्हातारे आईवडील असताना गाडी बंद पाडणाऱ्याला मी उशिरा येणाऱ्यापेक्षा मोठा गुन्हेगार मानतो. आणि मालकही काही सगळे धुतल्या तांदळाचे नाहीत. गाडी फाटकाशी आलेली असताना मुद्दाम खाली उतरायला वेळ लावायचा, म्हणजे घड्याळ पुढे सरकते आणि आपल्याला दोन पैसे सुटतात, असे सांगणारे महाभाग त्याच गटात आहेत. माझ्याही हातून एकदा झाले, मुद्दाम नाही, मी दाढी करायला सलूनमध्ये गेलो होतो. गिऱ्हाईक पंचवीस मिनिटे उन्हात उभे होते आणि उशीर त्याच्या नावावर लागला. तो मी कळवून दुरुस्त करून घेतला, त्याला अकरा दिवस लागले.

आता जे लिहायला मला संकोच वाटतो ते. मे महिन्यात त्या रात्री मी साडेबाराला पोलीस चौकीत गेलो होतो. तिथले हवालदार म्हणाले, "गाडी तुम्हीच दिलीत ना? मग चोरी कुठली? दिवाणी मामला आहे." आमच्या सोसायटीतल्या वकीलबाईंनी दुसऱ्या दिवशी समजावले की १८७२ च्या करार कायद्यात यासाठी तजवीज आहे. कलम १६० प्रमाणे मुदत संपली की वस्तू मागण्याची वाट न बघता परत करायची असते आणि कलम १६१ प्रमाणे मुदतीनंतर ती बुडाली, मोडली तर जबाबदारी ठेवून घेणाऱ्याची. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाला जे सुचले ते आजच्या ॲपला सुचू नये. पण वकीलबाईंनी पुढे हळूच विचारले, "काका, गाडीची पाटी पांढरी आहे ना?"

नंबरची पाटी पांढरीच आहे, म्हणजे खासगी गाडीची. भाड्याने देऊन स्वतः चालवायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरे लागतात, गोव्यात गेलेल्या प्रत्येकाने ती पाहिलेली असतात. तसा परवाना घ्यायचा तर १९८९ ची जी केंद्रीय योजना आहे तिच्यात परवानाधारकाकडे किमान पन्नास गाड्या हव्यात. माझ्याकडे एक आहे, तीही मुलाची. खासगी गाडीच्या विम्यात 'भाड्याने वा मोबदला घेऊन' केलेला वापर वगळलेला असतो. कंपनी म्हणते आमचा विमा आहे, काळजी करू नका. तो कागद मी तीनदा मागितला आहे. परवान्याविना गाडी चालवल्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांवर गेला, हेही वकीलबाईंकडूनच कळले. ज्याने आयुष्यभर स्टँडबाहेरच्या वडापवाल्यांशी, म्हणजे परवान्याविना प्रवासी भरणाऱ्या जीपवाल्यांशी, भांडणे केली तो मी, निवृत्तीनंतर एका परीने वडापच चालवतो आहे. माझे जुने सहकारी हसतात आणि त्यांचे बरोबर आहे.

उशिराचा प्रश्न सुटत नाही त्याचे एक कारण हेच आहे. मालक मोठ्याने तक्रार करू शकत नाही, कारण तोच कायद्याच्या काठावर उभा आहे. ग्राहक आयोगात जावे तर मी ग्राहक नाही. साताऱ्याला निघालेले ते कुटुंब जाऊ शकते, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करू शकते, पण ज्यांचा साखरपुडा पार पडला ती माणसे लग्नाच्या तयारीला लागतात. कंपनीला ही अडचण पक्की ठाऊक आहे. ॲपवरच्या टॅक्सीसाठी केंद्राने २०२५ साली नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. कारण नसताना फेरी रद्द केली तर भाड्याच्या दहा टक्के, जास्तीत जास्त शंभर रुपये दंड, चालकाला आणि प्रवाशालाही. शंभर रुपये थोडे असतील, पण कुणीतरी बसून विचार केला आहे. चालकाविना दिलेल्या गाडीबद्दल असा विचार परिवहन खात्याने करावा. एका गाडीच्या मालकालाही परवाना द्या, कर घ्या, पाटीचा रंग ठरवा. मी उद्या रंगवून आणतो. त्याच नियमात उशिराचेही लिहा : कळवण्याची वेळ, फीचा वाटा, मधला वेळ, आणि कारणाचा रकाना.

तोपर्यंत मी माझ्यापुरते केले आहे ते सांगतो. स्टिअरिंगच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर लिहिले आहे, 'तुमच्यानंतर ही गाडी घेऊन अमुक वाजता कोणीतरी डॉक्टरकडे / लग्नाला / गावी जाणार आहे. उशीर होणार असेल तर खालच्या नंबरवर फोन करा. रात्री-अपरात्री चालेल, मी जागाच असतो.' वेळ आणि काम दर खेपेला पेनने भरतो. गेल्या दोन महिन्यांत सहा गाड्या गेल्या. दोन उशिरा आल्या, दोघांनीही आधी फोन केला. एकाने तर नुसते विचारायला केला की डॉक्टरकडे कोण जाणार आहे, काही गंभीर नाही ना.

गणपतीत गाडी पाच दिवसांसाठी गुहागरला चालली आहे. कुंभार्लीतून जातील. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी परत यायची आहे आणि त्यानंतरचे पूर्ण चोवीस तास मी कुणालाही बुकिंग दिलेले नाही. यादीत गाडी कितव्या पानावर गेली असेल ते बघितलेले नाही.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, पुणे

ता.क. : कृपया नाव-पत्ता छापू नये. कारण वर पाटीच्या संदर्भात आलेच आहे.